बीएस्सी करताय? मग फॉर्म गणपतीत आणि परीक्षा शिमग्यात, हे आत्ताच लिहून ठेवा

आपल्याकडे बीएस्सीला कोण जातं तर ज्याचं नीटला झालं नाही नाहीतर सीईटीला पर्सेंटाइल कमी पडले तो, म्हणजे निदान घरचे तरी असंच समजतात. मग रत्नागिरी नाहीतर चिपळूण, कणकवलीला ॲडमिशन, तीन वर्षं सकाळची एसटी आणि दुपारची प्रॅक्टिकल्स, आणि टीवायचा, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा, रिझल्ट लागला की शेजारची काकू विचारते काय रे आता पुढे, तेव्हा डोक्यात उजेड पडतो आणि फॉर्म सगळे बंद झालेले असतात. माझं अगदी हेच झालं. केमिस्ट्रीला होतो, जॅमचा, म्हणजे आयआयटीसारख्या ठिकाणच्या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म गणपती झाले की भरू म्हटलं, मग इंटर्नल झाली की भरू, दिवाळीच्या सुट्टीत साइट उघडली तर लिंक बंद. वर्ष गेलं ते गेलंच.

म्हणून पहिली गोष्ट अभ्यास नाही, कॅलेंडर. आयआयटी जॅम आणि गेट (एमटेक, पीएचडीसाठी लागणारी परीक्षा) यांचे फॉर्म ऑगस्टएंड ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतात, म्हणजे तुम्ही बाप्पाची आरास करत असता तेव्हा, आणि दोन्ही परीक्षा फेब्रुवारीत. सीयूईटी पीजी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची एमएस्सी वगैरेची प्रवेश परीक्षा, साधारण मार्चात, म्हणजे शिमग्याची पालखी घरी येते त्याच दिवसांत. राज्याच्या एमबीए, एमसीए, बीएड, लॉ या सीईट्या मार्च ते मे, थोडक्यात शिमगा ते आंबा, आणि त्यांचे फॉर्म डिसेंबर-जानेवारीपासूनच सुटायला लागतात. तारखा दरवर्षी पुढेमागे होतात, त्या साइटवरच बघायच्या, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवर नाही. आणि घरी आधीच सांगून ठेवा की एप्रिलात बागेत पेट्या भरायला मी असेनच असं नाही. माझ्या बाबांना हे पटायला दोन सीझन लागले.

आता कुठे जायचं ते एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षालाच ठरवा, टीवायला उशीर होतो, कारण काही दरवाजे तुम्ही घेतलेल्या विषयांवर उघडतात. सगळ्यात मोठा घोळ गणिताचा. बारावीला बायो घेऊन गणित सोडलेलं असतं आणि मग एमसीए करायचं डोक्यात येतं, तिथे बारावीला किंवा पदवीला गणित लागतं, नसेल तर ब्रिज कोर्स मागतात. आता नवीन शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबरोबर मायनर, म्हणजे दुय्यम विषय निवडायचा असतो, कॉलेजात गणित किंवा स्टॅटिस्टिक्सचा पर्याय असेल तर मैत्रिणीने बॉटनी घेतलं म्हणून आपणही बॉटनी असं करू नका. बीएस्सीवरून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पण जाता येतं हे कित्येकांना माहीतच नसतं, पण बारावीला गणित हवंच, डिप्लोमावाल्यांचा नंबर आधी लागतो, आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स हे पहिल्या वर्षाचे पेपर वरून सोडवावे लागतात. हे सगळं जमणार असेल तरच त्या वाटेला जा.

एमएस्सी चांगल्या ठिकाणी करायची तर जॅम. तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क, निगेटिव्ह मार्किंग फक्त एक उत्तर बरोबर असलेल्या भागाला. झूऑलॉजी-बॉटनीवाल्यांनो, तुमचा वेगळा पेपर तिथे नाही, तुम्हाला बायोटेक्नॉलॉजीचा द्यावा लागेल आणि त्यात गणित-फिजिक्सपण येतं, आधीच सांगतोय. अभ्यास म्हणाल तर वेगळा क्लास लागतोच असं मला वाटत नाही, फिजिकल केमिस्ट्रीचं जे युनिट कॉलेजात चालू आहे त्याचेच जुने जॅमचे प्रश्न त्याच आठवड्यात सोडवायचे, जुने पेपर साइटवर फुकट असतात. प्रॅक्टिकलचं जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवणं बंद केलंत तरी निम्मं काम होतं. गेट टीवायलाच देता येते, पदवी हातात असायलाच हवी असं नाही.

बीएस्सीनंतर नीट द्यायचीय? देता येते, वयाची वरची अट आता नाही. पण तिथे तुमच्या बीएस्सीच्या मार्कांना कोणी विचारत नाही, बारावीचे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोच बघतात, ओपनला ५० टक्के. झूऑलॉजी केली म्हणून बायो पक्की होते एवढाच फायदा, फिजिक्स मात्र तीन वर्षांत गंजलेलं असतं. एक वर्ष नीट झोकून द्या, नाहीतर सोडा, दोन डगरींवर पाय ठेवून तीन-तीन वर्षं घालवलेली पोरं मी बघितलीत.

मी शेवटी लॉला गेलो, आणि सायन्सवाल्यांनी ही वाट जरा नीट बघावी असं मला मनापासून वाटतं. तीन वर्षांची एलएलबी, ओपनला पदवीला ४५ टक्के लागतात, सीईटी मराठीतूनही देता येते. आणि पेटंट एजंटची, म्हणजे लोकांच्या शोधांच्या पेटंटचं काम बघणाऱ्याची, परीक्षा द्यायला कायद्यानेच सायन्स, इंजिनिअरिंग किंवा टेक्नॉलॉजीची डिग्री लागते, बीए-बीकॉमवाला कितीही हुशार असला तरी तिथे बसू शकत नाही. आपल्या हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा टॅग, मिळाला, कोकमाला त्याच्या आधीच मिळालेला, हे असले विषय समजायला झाडपण कळावं लागतं आणि कलमपण, आणि कलम म्हणजे दोन्ही अर्थांनी.

एमबीएला घाई नको, लोट्याच्या एमआयडीसीत नाहीतर कुठेतरी क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायच्या कामाला, वर्ष-दोन वर्षं काढून गेलात तर इंटरव्ह्यूला बोलायला काहीतरी असतं. बीएड दोन वर्षांचं, पण त्याने काम संपत नाही, पुढे टीएआयटी ही शिक्षक भरतीची परीक्षा आणि ती भरती जिथून होते ते सरकारचं पवित्र पोर्टल आहेच.

कागदपत्रं. यावर कोणी बोलत नाही आणि ॲडमिशन इथेच अडकतात. डोमिसाइल, जातीचा दाखला, त्याची व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमिलेअर, जे लागू असेल ते टीवायच्या दिवाळीपर्यंत हातात पाहिजे, कारण दाखले देणाऱ्या सेतू केंद्रात जूनमध्ये जी रांग लागते ती बघूनच घाम फुटतो. मुंबई विद्यापीठाच्या बाहेर जाणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. केटी, म्हणजे एखादा विषय राहिलेला, असेल तर आधी ती काढा, सीईटीला बसू देतात पण ॲडमिशनच्या वेळी पास झाल्याचा कागद दाखवावा लागतो. फोटो आणि सहीची फाइल सांगितलेल्या साइजमध्ये करून मोबाइलात ठेवून द्या, गावात पावसात लाइट जाते आणि रेंज फक्त वरच्या सड्यावर येते तेव्हा हे करत बसायची वेळ नसते.

सेंटर लांब आलं तर कोकण रेल्वेचं रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं आणि हॉलतिकीट तर त्याच्या बरंच नंतर येतं, म्हणून परीक्षेची तारीख जाहीर झाली की जायचं तिकीट लगेच काढून ठेवा, सेंटर बदललंच तर कॅन्सल करू. शिमग्याच्या दिवसांत तर नक्कीच, कारण तेव्हा अख्खी मुंबई आपल्याकडे येत असते आणि लगेच परतत पण असते.