लाइव्ह बेससाठी अॅम्प आणि पेडलबोर्ड निवडताना या चुका टाळा

चार तारांच्या बेस गिटारची मोकळी ई तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते. पाचव्या बी तारेचा सूर ३१ हर्ट्झपर्यंत उतरतो. अॅम्पचे वॉट, स्पीकरच्या कोनची (हलणाऱ्या पडद्याची) हालचाल, कॉम्प्रेसरची (आवाजाचे चढउतार आवरणाऱ्या पेडलची) धावपळ, या सगळ्याचा मोठा वाटा या तळातच खर्च होतो. बँड वाजत असताना बेसचा सूर ओळखू येतो तो मात्र १०० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यातून. घरी एकट्याने वाजवून गिअर निवडलं की पसंती तळाला मिळते. मग स्टेजवर ड्रम सुरू झाले की बेस गायब, किंवा नुसती घरघर.

वॉट मोजले, स्पीकर विसरले

आवाज ऐकायला दुप्पट वाटायचा असेल तर सुमारे १० डेसिबल वाढ लागते, म्हणजे दहापट वॉट. वॉट नुसते दुप्पट केले तर पदरात पडतात ३ डेसिबल. ३०० वॉटच्या जागी ५०० वॉटचं हेड (स्पीकर नसलेलं अॅम्प) घेतलं तर फरक जेमतेम २ डेसिबलचा. त्यामुळे हेड बदलण्याआधी कॅबिनेटची, म्हणजे स्पीकरच्या पेटीची, सेन्सिटिव्हिटी पाहा. १ वॉट देऊन १ मीटरवर मोजलेला हा आकडा ३ डेसिबलने जास्त असलेलं कॅबिनेट घेतलं, तर तेच हेड दुप्पट वॉटचं झाल्यासारखं वागतं. एकसारखं दुसरं कॅबिनेट जोडण्याचा फायदा त्याहून मोठा. कोनचं क्षेत्रफळ वाढतं, हेडमधून जास्त वॉट निघतात आणि तळात ५-६ डेसिबलपर्यंत वाढ मिळू शकते.

स्पेसिफिकेशनमध्ये मोठ्या अक्षरात छापलेले वॉट बहुतेक वेळा हेडला चालणाऱ्या किमान ओहमवरचे (ओहम म्हणजे कॅबिनेटचा विजेला होणारा अडथळा) असतात. ४ ओहमवर ५०० वॉट देणारं सॉलिड-स्टेट किंवा क्लास-डी (ट्रान्झिस्टरवर चालणारं) हेड ८ ओहमच्या एका कॅबिनेटवर साधारण २५० ते ३०० वॉट देतं. व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचे अॅम्प) आणि क्लास-डीचे वॉट समोरासमोर ठेवून तुलना करू नका. १९६९ साली आलेल्या अँपेग एसव्हीटी या व्हॉल्व्ह अॅम्पचे ३०० वॉट आजही दणदणीत वाटतात. एक तर व्हॉल्व्ह हळूहळू दाबले जातात, त्यामुळे थोडं क्लिपिंग (मर्यादेपलीकडे आवाज फाटणं) कानाला खटकत नाही. दुसरं म्हणजे त्याच्यासोबत दहा इंची आठ स्पीकर असायचे, हे लोक विसरतात.

ओहमचा हिशेब

८ ओहमची दोन कॅबिनेटं समांतर जोडली की भार ४ ओहम होतो. ४ ओहमची दोन जोडली की २ ओहम. ८ आणि ४ एकत्र केली तर २.६७ ओहम. हेडच्या मागे ‘किमान ४ ओहम’ लिहिलेलं असेल तर शेवटच्या दोन्ही जोडण्या बाद. अशा जोडणीवर हेड लगेच बंद पडत नाही, तिथेच फसगत होते. साउंडचेक पार पडतो आणि तासाभराने हेड तापून स्वतःला बंद करतं. पुढे दुसरं कॅबिनेट घ्यायचा विचार असेल तर पहिलं ८ ओहमचंच घ्या.

दहा इंची चार स्पीकरचं आणि पंधरा इंची एका स्पीकरचं कॅबिनेट एकावर एक ठेवण्याची पद्धत जुनी आहे, पण गणित पाहा. दोन्ही ८ ओहमची असतील तर ताकद निम्मी-निम्मी वाटली जाते. दहा इंची प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला एक अष्टमांश, आणि पंधरा इंची एकट्यावर अर्धी. आधी मान टाकतो तो पंधरा इंचीच. जोडी करायची तर एकाच मॉडेलची करा आणि दोन्ही उभी एकावर एक रचा. शेजारी-शेजारी ठेवली तर मधल्या पट्ट्यातले सूर जागा बदलली की कमीजास्त होतात.

व्हॉल्व्ह अॅम्प कॅबिनेट न जोडता कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. हेड आणि कॅबिनेट यांच्यामध्ये गिटारची केबल लावणं हीसुद्धा नेहमीची चूक. दोन्हींना तोच पाव इंची जॅक असल्यामुळे ती सहज घडते. इन्स्ट्रुमेंट केबलची आतली तार बारीक असते. ती तापते, ताकद खाते आणि वितळून शॉर्ट होऊ शकते. हेड आणि कॅबिनेट दोन्हीला स्पीकॉन (फिरवून अडकणारं स्पीकर-जोड) सॉकेट असेल तर तेच वापरा. चालू कार्यक्रमात पाय अडकला तरी ते सुटत नाही.

गुडघ्याला ऐकवण्याचा खटाटोप

‘बेसची लाट लांब असते, ती जवळ तयारच होत नाही, म्हणून वाजवणाऱ्याला ऐकू येत नाही’ असं बरेच जण सांगतात. हे खरं नाही. जवळ ऐकू येत नाही कारण मधले आणि वरचे सूर स्पीकरमधून सरळ पुढे जातात, आणि स्पीकर असतो गुडघ्याच्या उंचीवर. वाजवणाऱ्यापर्यंत फक्त तळ पोचतो. मग वाजवणारा आवाज वाढवत जातो आणि पहिल्या रांगेच्या कानठळ्या बसतात. कॅबिनेट मागे कलतं करा, उंचीवर ठेवा किंवा उभं करा. व्हॉल्यूमला हात लावण्याची गरज बहुधा उरत नाही.

भिंतीजवळ किंवा कोपऱ्यात तळ आपोआप फुगतो. पोकळ लाकडी स्टेजही सोबत घुमू लागतं. अशा वेळी कॅबिनेटखाली जाड फोम घाला, ते कोपऱ्यातून बाहेर ओढा आणि मगच ईक्यूला (बास, मिड्स, ट्रेबल कमीजास्त करणाऱ्या नॉबना) हात घाला.

ईक्यू: वाढवण्याआधी कापा

बास (तळाचा) नॉब ६ डेसिबल वाढवला म्हणजे त्या पट्ट्यात अॅम्पकडून चौपट ताकद मागितली. मिड्स कापून बास-ट्रेबल चढवलेला ‘हसऱ्या चेहऱ्याचा’ ईक्यू खोलीत सुरेख वाटतो. बँडमध्ये मात्र किक ड्रम त्याचा तळ गिळतो आणि गिटार-झांजा वरचा भाग खातात. सगळे नॉब मधोमध ठेवून सुरुवात करा. आवाज गढूळ वाटला तर २०० ते ३०० हर्ट्झमध्ये ३ डेसिबल कमी करा. सूर ओळखू येत नसेल तर ५०० ते ८०० हर्ट्झमध्ये तेवढेच वाढवा.

एकच पेडल घ्यायचं असेल तर आम्ही हाय-पास फिल्टर, म्हणजे ठराविक सुराखालचं सगळं कापणारं पेडल, सुचवू. तो दिसायला अगदीच बिनरंगी, त्यामुळे कोणी विकत घेत नाही. पोर्ट (हवा जाण्यासाठी भोक) असलेल्या कॅबिनेटमध्ये, ते जिथे ट्यून केलेलं असतं त्याच्या खाली कोनला हवेचा आधार राहत नाही. आवाज न होता कोन नुसता पुढे-मागे फेकला जातो. फिल्टर ३० ते ४० हर्ट्झवर ठेवला तर सूर फारसा बदलत नाही, पण स्पीकर मोकळा होतो आणि तेच हेड जास्त जोरात वाजतं. त्याची जागा बोर्डवर सर्वांत शेवटी.

पेडलचा क्रम आणि पातळी

सुरुवातीला हा क्रम लावा: ट्यूनर, ऑक्टेव्ह (एक सप्तक खालचा किंवा वरचा सूर जोडणारं), एन्व्हलप फिल्टर, कॉम्प्रेसर, ड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारं), कोरस, प्रीअॅम्प किंवा डीआय (मिक्सरला थेट सिग्नल देणारा डबा), हाय-पास. यात दोन जागांना कारण आहे. ऑक्टेव्ह पेडलला स्वच्छ, एकच सूर लागतो. ड्राइव्हनंतर ठेवलं तर ते अडखळतं, आणि खालच्या सुरांवर एरवीही अडखळतंच. एन्व्हलप फिल्टर उघडतो तो बोटांच्या जोरावर. आधीच कॉम्प्रेसरने सगळं सपाट केलं तर त्याला काही कळत नाही. बाकी क्रम आवडीप्रमाणे बदला.

गिटारसाठी बनवलेले बरेच ड्राइव्ह तळ कापतात. उपाय म्हणजे क्लीन ब्लेंड, म्हणजे मूळ स्वच्छ आवाज सोबत मिसळणं. ब्लेंड मध्यावर नेला आणि आवाज उलट पातळ झाला, तर पेडल फेज, म्हणजे आवाजाची लाट, उलटवतं आहे असं समजा. फेज स्विच असलेला ब्लेंडर लावा किंवा पेडल बदला.

कॉम्प्रेसर ४:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) २० ते ४० मिलिसेकंद आणि मीटरवर ३ ते ६ डेसिबल घट, इथून सुरू करा. अटॅक फार जलद ठेवला तर बोटाचा ठोका मरतो. खालच्या तारेवर आवाज ‘श्वास’ घेऊ लागला तर साइडचेनला (दाबायचं कधी हे ठरवणाऱ्या भागाला) हाय-पास असलेला कॉम्प्रेसर लागेल.

प्रत्येक पेडल चालू-बंद करून आवाजाची पातळी जुळवा, आणि हे काम घरच्या हेडफोनवर नको, बँडच्या आवाजात करा. ड्राइव्ह चालू केल्यावर बेस हरवतो, ही तक्रार बहुतेकदा इथेच सुटते.

वीजपुरवठा: बोर्डचा खरा आजार

बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी, मधली पिन निगेटिव्ह, असा पुरवठा लागतो. बहुतेकांना, सगळ्यांना नव्हे. पोलॅरिटी उलटली किंवा ९ व्होल्टच्या पेडलला १८ व्होल्ट दिले तर पेडल जळू शकतं. मिलिअँपियरचं (करंटच्या मापाचं) तसं नाही. ५०० मिलिअँपियरच्या आउटपुटवर २० चं पेडल निर्धास्त लावा, ते हवं तेवढंच घेतं. उलट ३०० मागणाऱ्या डिजिटल पेडलला १०० चं आउटपुट दिलं तर ते मध्येच रीस्टार्ट होतं किंवा चिरकतं. सगळ्या पेडलची मागणी कागदावर मांडा. साधं अॅनालॉग ड्राइव्ह ५ ते २० मिलिअँपियरमध्ये भागतं, डिजिटल पेडल १०० ते ३०० किंवा त्याहून जास्त मागतं. बेरजेवर पाव हिस्सा शिल्लक ठेवा.

एका अॅडॉप्टरवरून माळेसारखी केबल काढून डिजिटल आणि ड्राइव्ह पेडल एकत्र चालवली की डिजिटलची शीळ ड्राइव्हमध्ये शिरते आणि आणखी मोठी होऊन बाहेर येते. प्रत्येक आउटपुट आयसोलेटेड (इतरांपासून विजेने वेगळं) असलेला पुरवठा घ्या. जाहिरातीत आठ आउटपुट दिसले म्हणजे ती आयसोलेटेड असतीलच असं नाही, तपशील वाचा.

पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) बेस, ६ मीटर केबल आणि ट्रू-बायपास (बंद असताना सिग्नल जसाच्या तसा सोडणाऱ्या) पेडलची रांग असेल तर केबलच्या कपॅसिटन्समुळे वरचा सूर बोथट होतो. बोर्डच्या सुरुवातीला एक बफर (लांब केबलसाठी सिग्नलला बळ देणारं सर्किट) पुरतो. फक्त जुन्या धाटणीचा फझ (जास्त खरखरीत ड्राइव्ह) असेल तर तो बफरच्या आधी ठेवा.

पीएला काय पाठवता

मोठ्या कार्यक्रमात प्रेक्षक पीएमधून (सभागृहाच्या ध्वनिव्यवस्थेतून) ऐकतात तो डीआयचा आवाज, अॅम्पचा नाही. अॅम्पचं डीआय ‘पोस्ट-ईक्यू’वर ठेवलं तर स्टेजच्या घुमण्यासाठी केलेली कापाकापी पीएलाही जाते. ते ‘प्री’वर, म्हणजे ईक्यूच्या आधी, ठेवा. ड्राइव्ह वापरत असाल तर डीआयच्या आधी कॅबिनेट सिम्युलेशन (कॅबिनेटच्या आवाजाची नक्कल) हवं, नाहीतर पीएच्या हॉर्नमधून ड्राइव्ह चरचरतो. ते नसेल तर ४-५ किलोहर्ट्झच्या वरचं कापा. स्पीकर आउट साध्या डीआयमध्ये किंवा मिक्सरमध्ये घालू नका.

बिघाड शोधताना

आवाजच नाही: बेस एकाच केबलने थेट अॅम्पला लावा. आला तर दोष बोर्डमध्ये. मग केबल बोर्डच्या मधल्या पेडलला लावा, दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते कळेल. तो अर्धा पुन्हा अर्धा करा. बहुतेक वेळा शेवटी एखादी पॅच केबल हाती लागते.

आवाज मध्येच बसतो आणि परत येतो: अॅम्पच्या इफेक्ट लूपच्या (बाहेरचं पेडल मध्ये जोडण्याच्या सेंड-रिटर्न वाटेच्या) जॅकचे संपर्क काळवंडलेले असू शकतात. सेंड आणि रिटर्न पॅच केबलने जोडून पाहा. फरक पडला तर कॉन्टॅक्ट क्लीनर लावा.

गुणगुण: बेसचा व्हॉल्यूम शून्य करा. गेली तर उगम बेसमध्ये. दोन सिंगल-कॉइल पिकअप असतील तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडून पाहा. शून्यावरही राहिली तर डीआयची एक्सएलआर केबल काढा. तेव्हा गेली तर ग्राउंड लूप (दोन अर्थिंग वाटांमधून फिरणारा करंट) आहे, ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. विजेच्या प्लगची अर्थिंग पिन मात्र कधीही तोडू किंवा झाकू नका. तारांना हात आणि मायक्रोफोनला ओठ लागले की तीच अर्थिंग जीव वाचवते.

खालच्या सुरांवर फडफड: बास ६ डेसिबल कमी करा. थांबली तर कोनवर अतिभार होता. एकाच ठराविक सुरावर, हळू वाजवतानाही येत असेल तर जाळी, हँडल, चाकं आणि स्पीकरचे स्क्रू तपासा.

दोन कॅबिनेट लावूनही आवाज पातळ: एक काढा. तळ वाढला तर त्यातल्या एकाची पोलॅरिटी (प्लस-मायनस जोडणी) उलटी आहे.

अॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या प्रीअॅम्पचा) बेस अचानक फाटका आणि दबका वाजू लागला: ९ व्होल्टची बॅटरी. बऱ्याच अॅक्टिव्ह बेसमध्ये जॅक घातला की प्रीअॅम्प चालू होतो, त्यामुळे रात्रभर केबल लावून ठेवलेला बेस सकाळपर्यंत बॅटरी खात राहतो. नवी बॅटरी आणि एक जादा पॅच केबल बेसच्या पिशवीतच असू द्या, गाडीत नको.