पावसाळ्यात घोडीचं खूर सडायला लागलं तेव्हा

मुळशीकडच्या एका तबेल्यात मी दोन वर्षं घोडेस्वारी शिकतेय. जुलैत माझी घोडी दुडकी चालताना दगडावर पाय पडला की बिचकायला लागली. मला वाटलं, नाल ढिला झाला असेल. घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दार काकांनी तिचा पाय उचलला आणि म्हणाले, "ताई, वास घ्या."

नासका, उग्र वास. तळव्याच्या मधला त्रिकोणी मऊ भाग असतो ना, त्याच्या खाचेत काळपट चिकट घाण साठली होती, आणि खूर खरवडायचा हुक लावताच घोडीने पाय झटकला. ही सड करणारे जंतू हवा न लागणाऱ्या जागी वाढतात. शेण-मुताने ओला झालेला चिखल खुरात दाबून बसला की त्यांना हवं ते मिळतं. दोष माझाच. मी स्वारीच्या आधी खूर साफ करायचे, नंतर नाही.

डॉक्टरांनी आधी घोडीला धनुर्वाताची लस दिलीय का ते विचारलं. नालबंदाने सुटलेले, कुजलेले पापुद्रे कापले. मग रोज दोनदा खूर खरवडून, धुऊन, फडक्याने पूर्ण कोरडं करून खाचेत पोव्हिडोन आयोडीनमध्ये भिजवलेला कापूस. कोरडं करणं सगळ्यात महत्त्वाचं. ओल्यावर औषध लावून काही होत नाही. ठाणातलं ओलं गवत काढून भुसा टाकला, तोही रोज बदलला.

आठवड्यात वास गेला. तिसऱ्या आठवड्यात ती खडीवरून न बिचकता चालली. मी तिच्या मानेला मिठी मारून रडले.