मुलांच्या कथेतलं गिधाड खोटं का वाटतं? या चुका टाळा

'आपल्या भागातल्या संकटात सापडलेल्या जिवावर कथा लिहा' असं वर्गात सांगितलं, की नाशिकमध्येही वहीत वाघच येतो. अंजनेरीच्या कड्यावरचं गिधाड आणि निफाडच्या उसातला बिबट्या बाहेरच राहतात. मुलांना तरी काय बोल लावायचा, त्यांना सगळीकडे वाघच दिसतो. तेव्हा विषय देताना थेट नाव द्या आणि त्या जिवाबद्दल घरी आजी-आजोबांना विचारून यायला सांगा.

सगळ्यात मोठी चूक खलनायकाची. गिधाडाची कथा म्हटली की बंदूकवाला शिकारी येतो, मुलं त्याला पोलिसांच्या ताब्यात देतात आणि कथा संपते. गिधाडांचा घात मात्र औषधाने झाला. दुखणाऱ्या जनावराला डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचलं आणि ते लगेच मेलं, तर मांसातून औषध गिधाडाच्या पोटात जातं, मूत्रपिंडं निकामी होतात आणि पक्षी काही दिवसांत मरतो. देशातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं अशीच ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे झालेली घट भरून यायला फार वेळ लागतो.

आता हीच कथा पुन्हा मांडायला सांगा. गोठ्यात बैल कण्हतोय, वडील काळजीत आहेत, कुणीतरी डायक्लोफेनॅकची जुनी बाटली काढून देतं आणि मुलगी म्हणते, "बाबा, डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम आहे का विचारा ना." मेलॉक्सिकॅम म्हणजे गिधाडांना न बाधणारं वेदनाशामक. इथे कुणीच वाईट नाही, तरी जीव टांगणीला लागतो. हे मुलांना जमतं, फक्त कारण आधी नीट समजावून द्यायला हवं.

वागणूक चुकली तरी कथा फसते. लांब चोचीचं गिधाड कड्याच्या कपारीत घरटं करतं, पांढऱ्या पुठ्ठ्याचं उंच झाडावर. दोन्ही मेलेलं जनावरच खातात, मग ते कोकरू उचलून कसं नेणार? अडलं तर हरसूलजवळच्या खोरीपाड्याचं उदाहरण द्या. तिथे गिधाडांसाठी मृत जनावरं ठेवतात.

एका चुकीकडे मात्र काणाडोळा करू नका. ऊसतोडीत बिबट्याचं बछडं सापडतं आणि नायक त्याला घरी आणून दूध पाजतो, हे वाचायला गोड वाटतं. पण उद्या कुणी खरंच तसं करेल. बिबट्याची मादी पिल्लांना न्यायला परत येते. कथेतली मुलं लांब सरकू देत, मोठ्यांना हाक मारू देत आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करू देत. बछड्याला रात्री त्याच जागी ठेवलंय आणि सगळं गाव श्वास रोखून आईची वाट बघतंय, हा प्रसंग दूध पाजण्यापेक्षा कितीतरी रंगतो.

शेवटी प्राणी भाषण करतो, सगळे टाळ्या वाजवतात. तो परिच्छेद सरळ काढून टाका. शुद्धलेखनाच्या लाल खुणा पहिल्या मसुद्यावर नकोत.

अंजनेरीच्या कंदीलपुष्पावर, म्हणजे तिथल्या दुर्मीळ रानफुलावर कुणी लिहिलं, तर फूल नेमकं कुठे आहे ते कथेत येऊ देऊ नका. डोंगराचं नाव पुरे. वाट आणि खडकाची खूण सांगितली की फूल तोडणाराही तिथे पोचतो.