लॉनचा जोड उघडला, तुकडा जळला : असा बसवला

अंगणातल्या कृत्रिम लॉनला वीतभर जळका डाग पडला होता, शेजारचा जोडही उघडला होता. डाग पडला खिडकीच्या काचेमुळे, तिच्यावरून परावर्तित झालेलं ऊन एकाच जागी पडलं की प्लास्टिकची पाती वितळतात. आधी खिडकीला बाहेरून जाळी लावली, नाहीतर ठिगळही जळतं.

खराब भाग उलटवून पाठीमागून, टाक्यांच्या दोन ओळींमधून धारदार कटरने चौकोनी कापला. वरून कापलं की चांगली पातीही तुटतात. उरलेल्या रोलमधून तसाच तुकडा काढला. पाती एकाच दिशेला झुकायला हवीत, दिशा उलटी असेल तर ठिगळ लांबूनही वेगळ्या रंगाचं दिसतं.

खाली ३० सेंमी रुंद जोडपट्टी, तिच्यावर पॉलियुरेथेन गोंद. सुतारकामाचा पांढरा गोंद पहिल्याच पावसात सुटतो. जोड उघडला होता तो त्यामुळेच. कडांमध्ये २-३ मिमी फट ठेवली, कडा एकमेकींवर चढल्या की उंचवटा येतो. गोंदात अडकलेली पाती सुईने वर काढली. वर विटा, २४ तास. जमीन कोरडी हवी, पावसाळ्यात हे काम काढूच नये.

शेवटी कोरडी सिलिका वाळू पसरून पात्यांच्या उलट दिशेने कडक ब्रश मारला.