फौंड्रीतील नव्या सुपरवायझरने नम्रता कामात कशी आणावी

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे येथील एखाद्या फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, नुकताच सुपरवायझर झालेला तरुण पहिले काही महिने आपल्याला सारे ठाऊक आहे असे दाखवण्यात घालवतो, आणि माझ्या मते पुढच्या बढतीच्या वाटेतला पहिला अडथळा तोच ठरतो. ब्रॅडली ओवेन्स, मायकेल जॉन्सन आणि टेरेन्स मिचेल या संशोधकांनी २०१३ साली नेत्याच्या नम्रतेच्या तीन खुणा मांडल्या: स्वतःकडे आहे तसे पाहणे, इतरांचे गुण मान्य करणे आणि शिकण्याची तयारी ठेवणे. केवळ गोड बोलणे यात कुठेही येत नाही.

सुरुवात विचारण्यापासून करावी. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतून घडवलेल्या भागात, ब्लो होल (वायूमुळे पडणारी छिद्रे) येऊ लागले, तर दोष कोणाचा हे ठरवण्याआधी वाळूचे साचे बनवणाऱ्या जुन्या मोल्डरकडे जावे. वाळूत ओलावा जास्त झाला की वितळलेल्या धातूच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की छिद्रे पडतात; वाळू मुठीत दाबून हा ओलावा ओळखणारा माणूस आपल्या शेजारीच उभा असतो. तो कन्नडभाषक असेल तर मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये ‘ननग गोत्तिल्ल, हेळ्री’, म्हणजे ‘मला माहीत नाही, सांगा’, एवढे म्हणावे. भाषेचा प्रश्न इतका जिव्हाळ्याचा असलेल्या आपल्या सीमाभागात हे म्हटल्याने मराठीपण तसूभरही कमी होत नाही, हे मी मनापासून सांगतो.

रिजेक्शन, म्हणजे नापास होणाऱ्या मालाचे प्रमाण, घटले की मॅनेजरसमोर त्या मोल्डरचे नाव घ्यावे; निर्णय चुकला असेल तर शिफ्टच्या नोंदवहीत तो आपला म्हणून लिहावा.

सर्वांत मोलाचे काम मात्र शिकवण्याचे. आपल्यावाचून शिफ्ट चालतच नसेल, तर व्यवस्थापन आपल्याला त्या जागेवरून हलवायला कचरते. म्हणून वाळूची चाचणी, नोंदवही आणि ग्राहकाशी बोलणे या गोष्टी हाताखालच्या एकाला तरी पूर्ण शिकवाव्यात. ज्याच्या हाताखालून दोन सुपरवायझर तयार झाले, त्याचे नाव शेजारच्या कारखान्यांतही आपोआप पोहोचते.

स्वतःचे काम लपवणे ही नम्रता नव्हे. मासिक अहवालात जो निर्णय आपला होता तिथे ‘मी’ असेच लिहावे. आणि वितळलेला धातू सांडण्याची वेळ आली तर सल्लामसलत करत थांबू नये: स्पष्ट हुकूम द्यावा, माणसे बाजूला काढावीत, आणि आपला हुकूम बरोबर होता का, हे धोका टळल्यावर त्याच माणसांना विचारावे.