टिकिंटरमध्ये डायलॉग बॉक्स कसा तयार करावा

खानापूर किंवा निपाणी भागातील दूध संकलन केंद्रासाठी पायथनमध्ये नोंदीचा छोटा प्रोग्रॅम लिहिताना सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती नोंद काढून टाकण्यापूर्वी विचारायच्या प्रश्नाची, म्हणजेच डायलॉग बॉक्सची (उत्तर मागणाऱ्या छोट्या खिडकीची), कारण सकाळच्या रांगेत घाईने दाबलेल्या एका बटणामुळे उत्पादकाचे पैसे बुडू शकतात. टिकिंटर हे खिडक्या व बटणे तयार करण्याचे टूलकिट विंडोजवर सहसा पायथनसोबतच येते.

केवळ माहिती दाखवायची असल्यास टिकिंटरच्या मेसेजबॉक्स या भागातील ‘शोइन्फो’ पुरेसे आहे. फॅटचा आकडा विचारण्यासाठी सिंपलडायलॉग या भागातील ‘आस्कफ्लोट’ वापरावे आणि त्याला किमान व कमाल मर्यादा द्यावी, म्हणजे 6.5 ऐवजी 65 टाइप झाल्यास ते स्वीकारले जाणार नाही.

नोंद काढण्यासाठी मात्र स्वतःचा बॉक्स तयार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मेसेजबॉक्सच्या बटणांवरील मजकूर आपल्याला बदलता येत नाही, आणि आपल्याकडे एकाच केंद्रात मराठी वाचणारे व कन्नड वाचणारे असे दोघेही काम करतात. प्रथम मुख्य खिडकीला पालक मानून ‘टॉपलेव्हल’ (वेगळी खिडकी) तयार करावे आणि उत्तराच्या व्हेरिएबलमध्ये आधीच ‘फॉल्स’ ठेवावे. लेबलमध्ये पूर्ण नोंद दिसू द्यावी: ‘खाते क्र. 42, म्हैस, 4.5 लिटर, फॅट 6.8. ही नोंद काढायची का?’ बटणांवर ‘होय’ आणि ‘नाही’ न लिहिता ‘नोंद काढा’ आणि ‘राहू द्या’ असे लिहावे व खालच्या ओळीत तोच मजकूर कन्नडमध्ये द्यावा. दोन्ही भाषांतील मजकुराची लांबी सारखी नसते. म्हणून बटणांना ठरावीक रुंदी देऊ नये व मांडणी ‘ग्रिड’वर (ओळी-स्तंभांच्या मांडणीवर) सोपवावी. विंडोजवरील निर्मला यूआय या फाँटमध्ये दोन्ही लिपी आहेत.

यानंतर ‘ट्रान्झियंट’ (बॉक्स मुख्य खिडकीच्या वर ठेवणारे), ‘वेट_व्हिजिबिलिटी’ (तो पडद्यावर दिसेपर्यंत थांबणारे), ‘ग्रॅब_सेट’ (प्रोग्रॅमच्या इतर खिडक्यांवरील क्लिक रोखणारे) आणि शेवटी ‘वेट_विंडो’ (तो बंद होईपर्यंत थांबणारे) याच क्रमाने बोलवावे. खिडकी पडद्यावर येण्याआधीच ‘ग्रॅब_सेट’ बोलावल्यास, विशेषतः लिनक्सवर, एरर येऊ शकते. आणि ‘वेट_विंडो’ नसेल, तर उत्तर मिळण्याआधीच प्रोग्रॅम पुढे जातो. ‘नोंद काढा’ दाबल्यावरच व्हेरिएबल ‘ट्रू’ करून खिडकी ‘डिस्ट्रॉय’ करावी. ‘राहू द्या’ हे बटण आणि एस्केप की यांनी ती नुसती बंद करावी. फोकस ‘राहू द्या’वर ठेवावा. शेवटी कोपऱ्यातील फुलीने बॉक्स बंद करूनही नोंद जागेवर राहते का, हे तपासावे.