दहा मिनिटांच्या ई-मेलवर नोकरीचा अर्ज भरू नका

डिचोलीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. जाहिरातींच्या मेलला कंटाळून तात्पुरता ई-मेल, म्हणजे थोडा वेळच चालणारा फुकटचा पत्ता, वापरणारी पोरं रोज येतात. वापरा की, मीही वापरतो. पण कुठे, ते बघा.

जिथे परत जायचंय तिथे असा पत्ता देणं ही सगळ्यांत महाग चूक. चवथीच्या आधी एक मुलगा घामाघूम होऊन आला. नोकरीचा अर्ज त्याने घरीच मोबाइलवर भरलेला, पत्ता '10 मिनिट मेल'वरचा. "काका, खऱ्या मेलवर कचरा येतो ना!" अरे, तो पत्ता 10 मिनिटांत मरतो. मुदत वाढवायचं बटण असतं, पण ते मुदत संपायच्या आत दाबावं लागतं. आता प्रवेशपत्र काढायचं, तर पासवर्ड आठवेना. 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की नवी लिंक जाणार त्याच मेलेल्या पत्त्यावर. अर्जाचा क्रमांकही तिथेच गेलेला. शेवटी आधार कार्ड घेऊन भर पावसात बसने पणजी गाठली, तेव्हा काम झालं. पूर्ण दिवस गेला, आणि त्याआधी माझ्या दुकानातली रांग तासभर खोळंबली ती वेगळीच.

माझा हिशेब सरळ आहे. पैसे, नोकरी, सरकारी काम, तिकीट: खरा पत्ता. कळंगुटच्या कॅफेतलं वायफाय किंवा एकदाच उतरवायची पीडीएफ: तात्पुरता.

मेलिनेटर ही असेच तात्पुरते पत्ते देणारी साइट. तिच्या सार्वजनिक पेटीला कुलूपच नाही. नाव टाइप केलं की कुणीही तुमची मेल वाचतो. तरी लोक तिथे स्वतःचंच नाव घालतात! धन्य आहे.

साइटने तात्पुरता पत्ता नाकारला तर दुसरा शोधत बसू नका. तिला तुमची गरज नाही, तुम्हाला तिची आहे.

जीमेलमध्ये @ च्या आधी, आपल्या नावाला लागून अधिक चिन्ह (+) आणि ज्या साइटला पत्ता देताय तिचं नाव जोडलं की पत्ता कुणी फोडला ते कळतं. पण त्याने खरा पत्ता लपत नाही. अधिक चिन्हापासून @ पर्यंतचं खोडलं की तो समोरच. काही फॉर्म तर ते चिन्ह घेतच नाहीत.

लपवायचंच असेल तर मी फायरफॉक्स रिले ही खऱ्या पत्त्याऐवजी द्यायला वेगळे पत्ते देणारी सेवा वापरतो. फुकटात 5 पत्ते मिळतात, मेल तुमच्या खऱ्या पेटीत येते, त्रास झाला की तेवढाच पत्ता बंद करायचा. खातं उघडायला पाच मिनिटं लागतात, आणि नेमकी तीच पोरांकडे नसतात.